वैदीण एकटी निघते

“हे नको, ते टाक,” म्हणत मास्तरांनी टेबलावरून हात लांबवला आणि हॅलोबाईंच्या हातातल्या पत्त्यांतले मलमपट्टीचे पान उपसून सूनबाईच्या सरदारापुढे ठेवलेसुद्धा. “हां, झालं. चला, पुढचा कोण?”

“बाबा, आईंची पाळी होती,” सूनबाई म्हणाली.

“मग? तिचीच तर खेळलो.”

हॅलोबाईंना ते पान टाकायचे नव्हते. कोणते टाकायचे ते मनात ठरलेले होते, त्यासाठीचा शब्दही निघाला होता. फक्त ओठांपर्यंत यायला त्याला वेळ लागत होता. तो पोचला तेव्हा डाव दोन माणसे पुढे गेला होता आणि मुलगा आपल्या मांत्रिकाचे काय करावे म्हणून डोके खाजवत होता.

रविवारी दुपारची जेवणे आटोपली की या घरात ‘सात वेशी’चा डाव मांडला जाई. पत्त्यांचाच खेळ, पण यात कोणी कोणाला हरवायचे नसते. सगळ्यांनी मिळून खोक्यातल्या काळोखाला हरवायचे. ओसाड पडलेल्या एका नगरीच्या सात वेशी ओलांडायच्या आणि आतला दिवा पेटवायचा. प्रत्येक वेशीवर काळोखाच्या गड्डीतून काहीबाही अंगावर येते, आणि प्रत्येक फेरीला भयाची सोंगटी एक घर वर चढते. ती टोकाला पोचली की सगळ्यांचाच खेळ खलास. मुलाने हे खोके आणले तेव्हा त्याने मांत्रिक घेतला, सूनबाईने सरदार, मास्तरांनी तिरंदाज. वैदीण कोणालाच नको होती आणि कोणीतरी घ्यायलाच हवी होती. ती आपसूक हॅलोबाईंकडे आली.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. गाडी शिकवण्याच्या शाळेत त्यांचा उभा जन्म गेला होता. शेजारच्या सीटवर बसायचे, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि “क्लच, क्लच, अहो क्लच!” करत समोरच्याला घाम फोडायचा. निवृत्त झाले तरी पाय ब्रेकवरून निघाला नव्हता. घरात कोणी दूध तापत ठेवले तरी हे मागून सांगत, “आता बारीक कर.” मग सगळ्यांच्या वतीने खेळायचा खेळ हाती लागल्यावर तर त्यांना रानच मोकळे मिळाले.

आणि हॅलोबाई? त्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर. घाबरलेला माणूस फोन करी, पलीकडून त्यांचा आवाज येई, आणि त्याचा जीव अर्धा तरी भांड्यात पडे. खरे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे हॅलोबाईच म्हणत. गेल्या वर्षी एका सकाळी चहाचा कप हातात असताना मेंदूतल्या कुठल्याशा नसेत गुठळी अडकली. कप पडला, त्या पडल्या. पाय सुधारला, हात सुधारला. वाचलेले कळे, ऐकलेले कळे, विनोद तर इतरांच्या आधी कळे. शब्द मात्र रुसले. बोलावल्यावर उशिरा येत, कधी भलताच येई. खुर्ची म्हणायला जावे तर खिडकी बाहेर पडे. नोकरी अजून होती, पण त्या रजेवर होत्या.

तेव्हापासून घरातल्या सगळ्यांनाच त्यांची वाक्ये पुरी करायची सवय लागली होती. मुलगा करी, सूनबाई करी, शेजारीणसुद्धा करी. मास्तर तर सुरूही त्यांनीच करीत.

“आता तू आडोसा टाक,” मास्तर पुन्हा म्हणाले आणि हात पुढे आला.

हॅलोबाईंनी हातातली पाने पालथी करून टेबलावर ठेवली आणि त्यांवर तळवा दाबला.

“एकटी,” त्या म्हणाल्या.

सगळे थबकले. “दमली ती,” मास्तर उठत म्हणाले. “चल, जरा पड. मी पडदा ओढतो.”

“नाही.” त्यांनी मान हलवली. कपाळावरची शीर तटतटली. “एकटी... खेळणार.”

“कोण? तू?”

“वैदीण.”

मुलाने नियमांचे पुस्तक घेऊन शेवटची पाने उघडली. “एकट्यानं खेळायचा प्रकार आहे म्हणा यात. पण आई, तो मुरलेल्यांसाठी असतो. आणि खेळायचंच तर सरदार घे. नाहीतर माझा मांत्रिक घे. वैदीण एकटी म्हणजे...” तो अडखळला.

“पहिल्या वेशीलाच आडवी,” मास्तरांनी पुरे केले. “तिच्या हातात आहे काय? चिंध्या आणि काढे!”

हॅलोबाईंनी खोके आपल्याकडे ओढले, झाकण लावले आणि काखोटीला मारून त्या आतल्या खोलीत गेल्या. दार आपटले नाही. पण कडी घातली, आणि ती वाजवून घातली.

*

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून कामावर गेले, मास्तर फेरफटक्याला बाहेर पडले, आणि बाईंनी खोके पलंगावर उघडले.

एका वीराची गड्डी चाळीस पत्त्यांची. त्यात काय घ्यायचे ते आपण ठरवायचे: वीराच्या रंगाची पाने आणि कोणालाही चालतील अशी करड्या रंगाची पाने, एवढ्यांतून निवड. आजवर वैदिणीची गड्डी मास्तर लावून देत. बाईंनी ती उलगडली आणि एकेक पान वाचायला घेतले.

‘दुसऱ्या खेळाडूची जखम भरा.’ दुसरा नव्हता. पान बाजूला. ‘दुसऱ्या खेळाडूवरचा वार स्वतःवर घ्या.’ बाजूला. ‘दुसऱ्या खेळाडूला हातातले एक पान द्या.’ बाजूला. ‘दुसरा खेळाडू हल्ला करत असेल तर...’ बाजूला. बाजूचा ढीग चढत गेला, कलंडला, चादरीवर पसरला. हातात राहिली ती अगदीच किरकोळ पाने. बाई त्यांच्याकडे बघत बसल्या. एवढी वर्षे आपण खेळत होतो म्हणजे नेमके काय करत होतो, असे त्यांच्या मनात आले. रडू येईल असे वाटले, पण आला तो राग. आणि रागाने हात भरभर चालू लागले.

पहिली गड्डी त्यांनी रागातच लावली. करड्या पानांतल्या तलवारी, भाले, गोफणी, जे दिसेल ते भरले. वैदिणीच्या हाती तलवार दिली आणि तिला वेशीवर उभे केले. दुसऱ्या वेशीवर ती मेली. दुसरी गड्डी शहाणपणाने लावली: थोडी शस्त्रे, थोडा बचाव, थोडे सोबती, थोडे औषध. ती त्याहून वाईट निघाली. वार आला की हातात औषध, जखम झाली की हातात भाला. चौघांत मिळून जे चालते ते एकटीच्या हातात नुसता गोंधळ होते.

दोन दिवस त्या अशा मरत राहिल्या. संध्याकाळी कामावरून आल्यावर सूनबाई दारातून डोकावे. “आई, काय झालं?” “मेले,” बाई उत्तर देत आणि पत्ते पिसायला घेत. ‘मेले’ हा शब्द मात्र आता चटकन येऊ लागला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांना खोक्याच्या तळाशी विषे सापडली. बचनाग, धोतरा, काळी बुरशी. सगळी वैदिणीच्याच रंगाची, आणि कोरी करकरीत. त्यांना कधी कोणाचा हात लागला नव्हता, कारण मास्तरांनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता: “ही सावकाश मारतात. आपल्याला एवढा वेळ नाही.” एकदा शत्रूला चिकटवले की विष दर फेरीला थोडे थोडे खाते. बाकी काही करावे लागत नाही. फक्त तोवर आपण जिवंत राहायचे.

सावकाश. बाई मनाशी हसल्या. सावकाशीत आता त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

मग त्यांनी तलवारी काढून टाकल्या. सगळ्या. भाले काढले. सोबती म्हणून घेतलेले एक देखणे अस्वल होते, तेही जड मनाने काढले. ते खायला फार मागे, म्हणजे दर फेरीला एक पान घेई. आता गड्डीला तीनच गोष्टी यायला हव्या होत्या: विष लावणे, मार खाऊन उभे राहणे, आणि भयाची सोंगटी खाली खेचणे. शेवटच्यासाठी ‘अंगाई’ नावाचे एक पान होते. ते टाकले की सोंगटी दोन घरे उतरे. चौघांच्या खेळात ते कोणी ढुंकून बघत नसे. बाईंनी ते खोक्यातून शोधून शोधून काढले.

मास्तर चप्पल काढून आत आले ते थेट पलंगापाशी. “तलवार कुठंय? अगं, तलवारीशिवाय?” आणि हात पुढे.

बाईंनी त्या हातावर चापट मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

“हात,” त्या म्हणाल्या, “खिशात.”

“अगं पण...”

“खिशात!”

मास्तरांनी हात खिशात घातले. पण तोंडाला खिसा नव्हता. “बरं, हे काय? ‘कोणत्याही खेळाडूची जखम भरा’, हे कशाला ठेवलंयस? तू एकटी आहेस ना?”

“मला.”

“वैदिणीनं स्वतःलाच औषध द्यायचं? असं नसतं.”

“कुठं... लिहिलंय?”

“लिहायला कशाला हवं? आजवर कधी दिलंस का?”

बाईंनी ते पान त्यांच्या नाकासमोर धरले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचले, “को-ण-त्या-ही.” मग ते आपल्या गड्डीत सरकवले, आणि त्याच्यासारखी आणखी दोन शोधली.

*

बोर्डावर त्यांच्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी होती. ती बुधवारी संध्याकाळी भेटायला आली. बोलकी, गडबडी, चहाच्या कपाला तोंड लावायलाही फुरसत नसलेली.

“बाई, शुक्रवारी लवकर या हं. केक मीच सांगितलाय. आणि अधीक्षकसाहेब भाषण करणारेत, त्याला माझा इलाज नाही.”

“कशाचं?”

“कशाचं म्हणजे? तुमच्या निरोपाचं.” मुलीने बाईंचा चेहरा पाहिला आणि कप खाली ठेवला. “मास्तर येऊन सांगून गेले ना ऑफिसात. तुम्ही राजीनामा देणार म्हणून. सही शुक्रवारी करणार म्हणाले. तुम्हाला... माहीत नाही?”

मास्तर बाहेरच्या खोलीत होते. पेपर उलटल्याचा आवाज आला आणि थांबला.

मुलगी घाबरली आणि घाबरली की ती जास्तच बोलत असे. हॉस्पिटलात कशी सगळीकडे माणसे कमी आहेत, तळमजल्यावर निर्जंतुक विभागातली सिस्टर कशी रडकुंडीला आली आहे, ऑपरेशनची हत्यारे पुसून, तपासून ट्रे लावायला कोणी कसे टिकत नाही. “दोघी आल्या आणि दोघी पळाल्या. म्हणे तिथं मशिनचा एवढा आवाज आणि तोंडाला पट्टी, दिवसभर कुणाशी एक अक्षर बोलायला मिळत नाही. वेड लागेल म्हणे.”

“अक्षर... नाही?” बाईंनी विचारले.

“एकही नाही!” मुलगी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातही आले नाही.

ती गेल्यावर बाई बाहेरच्या खोलीत जाऊन मास्तरांच्या समोर उभ्या राहिल्या. त्यांनी पेपर तोंडापुढे धरला होता. बाईंनी तो हळूच खाली केला.

“मला... विचारलं?”

“तुला त्रास नको म्हणून...”

“विचारलं?”

“नाही.” मास्तरांनी पेपराची घडी केली, मोडली, पुन्हा केली. “काय विचारणार होतो? तू बोर्डावर बसणार? लोक फोनवर ओरडतात. तुझ्या तोंडून एक यायच्या ऐवजी दुसरं येईल आणि लोक हसतील. मी ऐकलंय हसताना. तू वॉर्डात होतीस, पहिल्या आठवड्यात. मला हाक मारायला गेलीस आणि ‘चमचा’ म्हणालीस. ‘चमचा, अहो चमचा.’ बाहेर दोन पोरी हसल्या. तोंड दाबून हसल्या, पण हसल्या. मी संडासात जाऊन...” ते थांबले. एवढा मोठा माणूस, त्याला पुढचा शब्द सापडेना. बाईंनी तो पुरवला नाही. थांबल्या.

“मला नाही सहन होत, बस,” ते शेवटी म्हणाले.

“चमचा म्हटलं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही... आलात ना?”

“म्हणजे काय, आलोच.”

“मग झालं.” त्यांनी श्वास घेतला. “हसू देत.”

त्या रागावलेल्याच राहिल्या. गुरुवारभर त्या मास्तरांशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि हे न बोलणे कोणते आहे ते घरात प्रत्येकाला बरोबर कळले.

*

शुक्रवारी हॉस्पिटलच्या कँटीनमधली टेबले भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. केक होता, फुगे होते, फुलांचा गुच्छ होता. मेट्रन, लिफ्टवाला, क्ष-किरणवाले, सगळे जमले होते. अधीक्षकांनी भाषण केले. हॅलोबाईंच्या आवाजाने या संस्थेला चेहरा दिला, असे ते म्हणाले, आणि ते ऐकायला कोणाला विचित्र वाटले नाही. बाई पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या. शेजारी मास्तर, मांडीवर हात घट्ट धरून.

“आता बाईंना दोन शब्द बोलायची... म्हणजे, त्यांना जमत असेल तर,” अधीक्षक म्हणाले.

बाई उठल्या. माइक बाजूला सारला.

“मी जात नाही,” त्या म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. काहींनी डोळे पुसले. बाई आमच्या मनातून जात नाहीत, असा अर्थ सगळ्यांनी लावला होता. बाईंनी टाळ्या संपू दिल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “खरंच. सही... केली नाही. करणार नाही.”

अधीक्षकांच्या हातातला गुच्छ अधांतरी राहिला. “अहो, पण मास्तर तर...”

“मास्तर. मी नाही.”

मागे कोणीतरी खुदकन हसले. बाईंनी तिकडे पाहिले आणि त्या स्वतःही हसल्या, त्यामुळे हसणाऱ्याला तोंड लपवावे लागले.

“बाई, आमची अडचण समजून घ्या,” अधीक्षक आवाज खाली आणून म्हणाले. “बोर्डावर तुम्हाला...”

“बोर्ड नाही.” हे वाक्य त्यांनी दोन दिवस घोटले होते, तरी आता ते तुटक तुटकच आले. “बोर्ड... जमणार नाही. मला माहीत. ते टाकलं. खाली. ट्रे. हात... चांगले. डोळे चांगले.” त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले, उलटे, सुलटे. “बोलायचं नाही तिथं.”

“निर्जंतुक विभागात? अहो, ती फार खालची जागा आहे. तुमचा अनुभव, तुमचा मान...”

“चालेल.”

“वैद्यकीय तपासणी लागेल.”

“घ्या.”

“मास्तर,” अधीक्षक काकुळतीला येऊन वळले, “तुम्ही तरी सांगा ना समजावून.”

सगळी कँटीन मास्तरांकडे बघू लागली. बाईंनी मात्र पाहिले नाही. त्या समोर बघत राहिल्या. मास्तरांचा चेहरा लाल झाला होता. सगळ्या जन्मात त्यांना कोणी ‘सांगा’ म्हटले आणि त्यांनी सांगितले नाही, असे झाले नव्हते.

“तिलाच विचारा,” ते म्हणाले. “तिला वेळ लागतो. थांबा आणि तिलाच विचारा.”

भिंतीपाशी कागदी बशी घेऊन एक दणकट बाई उभी होती. निर्जंतुक विभागाची सिस्टर. ती केक खाता खाताच म्हणाली, “साहेब, मला चालतील. सोमवारपासून चालतील. महिनाभर बघू, नाही जमलं तर मी स्वतः सांगेन. मला गोड बोलता येत नाही, तुम्हाला माहीताय.”

अधीक्षकांनी बघू, विचार करू, असे बरेच म्हटले. पण एवढ्या लोकांसमोर ‘नाही’ म्हणणे त्यांना जड गेले, आणि तपासणीत हात-डोळे ठीक निघाले तर महिनाभर बघायला हरकत नाही, एवढे शेवटी त्यांच्या तोंडून निघाले. गुच्छ कोणाला द्यावा ते न कळून त्यांनी तो मास्तरांच्या हातात दिला.

“आणि केकचं काय?” बोर्डावरच्या मुलीने विचारले.

“खा,” हॅलोबाई म्हणाल्या.

*

रविवारी जेवणे झाल्यावर टेबल पुसले गेले आणि सगळे सवयीने बसले. बाईंनी आपली गड्डी काढली, काळोखाची गड्डी पिसून समोर ठेवली, आणि कोणाला काही न विचारता वैदिणीला एकटीला पहिल्या वेशीवर उभे केले.

मुलाने खुर्ची उलटी फिरवून हनुवटी पाठीवर टेकवली. मास्तर हात मांड्यांखाली दाबून बसले. बोलायचे नाही असे त्यांनी स्वतःच कबूल केले होते, पण टेबलाखाली त्यांचा उजवा पाय फरशी दाबत होता, आणि बाई वार अडवायचे सोडून अंगावर घेत तेव्हा तर ती फरशी आत जाते की काय असे वाटे.

कारण बाई वार अंगावर घेत होत्या. लांडगा आला, त्याला बचनाग लावला आणि चावू दिले. जखम झाली, भरली. पुन्हा चावा, पुन्हा मलम. तीन फेऱ्यांनी लांडगा आपल्या आपण पडला. भय चढत गेले, अंगाईने उतरले, पुन्हा चढले. चौथी वेस गेली. पाचवी गेली. मुलाची हनुवटी खुर्चीवरून वर आली. “आई, हे भारी आहे,” तो म्हणाला. सहावीला वैदिणीच्या अंगात फार थोडा जीव उरला होता, आणि सातवीला दगडी पहारेकरी निघाला. दगडाला विष लागत नाही. भयाची सोंगटी टोकाला पोचली.

“मेले,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. “पण सातवीपर्यंत गेलीस,” ते म्हणाले. “आपण चौघं कधी गेलो होतो का?” आणि हे बोलणे चालते की नाही म्हणून त्यांनी सुनेकडे पाहिले.

“आता चहा,” सूनबाई म्हणाली. खुर्च्या सरकल्या. सगळे स्वयंपाकघरात गेले आणि मास्तरांचे “आता बारीक कर” ऐकू येऊ लागले.

बाई उठल्या नाहीत. दगडाला विष लागत नाही. त्यांनी गड्डी पसरली. चांगली म्हणून ठेवलेली, सुंदर चित्राची, वेळेला एकदाही न आलेली दोन पाने काढली. त्या जागी काय हवे ते शोधायला खोके उपसले. ‘भिंतीतली फट’ म्हणून एक करडे पान होते: एका शत्रूला न मारता त्याच्या बाजूने निघून जा. ते सरदाराला शोभणारे नव्हते, तिरंदाजालाही नव्हते. मास्तरांनी ते वाचून ‘भित्र्यांचं पान’ म्हणून फेकले असते. बाईंनी दोन घेतली. पत्ते पिसले.

“आई, चहा!” आतून हाक आली.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या आणि पहिले पान उलटले.

सूनबाई कप घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सासूबाई पुढे वाकल्या होत्या, ओठ हलत होते, पत्ते एकामागून एक पडत होते. पहारेकरी या वेळी सहाव्या वेशीवरच निघाला. बाईंनी फटीचे पान टाकले आणि वैदीण त्याच्या कोपराखालून पुढे सरकवली. सातव्या वेशीवर कसलीशी प्रचंड घोरपड आली. तिला तिन्ही विषे एकदम लागली आणि बाई मार खात, मलम लावत, वाट बघत राहिल्या. भय टोकाच्या अलीकडच्या घरात होते तेव्हा घोरपड पडली. बाईंनी दिव्याचे पान सरळ केले.

त्यांनी कोणाला हाक मारली नाही. थोडा वेळ त्या पानाकडे बघत बसल्या. मग सगळे पत्ते गोळा केले, नियमांच्या पुस्तकात ‘अवघड’ असे लिहिलेली काळोखाची दुसरी गड्डी खोक्यातून काढली आणि पिसायला घेतली. सूनबाई निवलेला चहा घेऊन परत आत गेली आणि दुसरा ठेवला.

*

तपासणी झाली, शेरा मिळाला, आणि एका सोमवारी बाई तळमजल्यावरच्या लांबट, पांढऱ्या खोलीत टोपी, डगला आणि तोंडाला पट्टी लावून उभ्या राहिल्या. भिंतीत बसवलेल्या वाफेच्या यंत्रांचा घोंगावता आवाज होता. कोणी कोणाशी बोलत नव्हते. बोलले असते तरी ऐकू आले नसते.

सिस्टरने खुणेनेच पहिला ट्रे दाखवला. पोटाच्या ऑपरेशनचा. चिमटे, कात्र्या, सुया धरायचे चाप. प्रत्येकाची बिजागरी उघडून, उजेडात धरून बघायची, चुकार डाग असला तर परत धुवायला, नाहीतर ठरल्या जागी. बाईंना वेळ लागला. शेजारच्या दोघींचे चार ट्रे झाले तेव्हा त्यांचा एक झाला. सिस्टर येऊन बघून गेली. एक चिमटा उलटा होता, तो तिने बोटाने दाखवला. बाईंनी तो सुलटा केला.

ट्रे निळ्या कापडात गुंडाळला. वर पट्टी चिकटवायची असते, साधी फिकट पट्टी, आणि तिच्यावर लावणाऱ्याची सही. ढकलगाडीवाला खोळंबला होता. बाईंनी पेन घेतले. पहिले अक्षर आले. दुसरे आले नाही. ढकलगाडीवाल्याने सिस्टरकडे पाहिले, सिस्टरने त्याच्याकडे, आणि दोघेही काही न करता उभे राहिले. दुसरे अक्षर आले. मग तिसरे.

ट्रे यंत्रात गेला, दार आवळले गेले, काटे चढले. बाईंनी दुसरा ट्रे घेतला. तो अर्धा झाला असेल, तेव्हा यंत्राचे पलीकडचे दार उघडले आणि वाफेचा लोट आला. काचेपलीकडे सिस्टरने गरम ट्रे फळीवर ओढला आणि पट्टी बाईंच्या बाजूला फिरवून धरली. फिकट पट्टीवर काळ्याभोर तिरक्या रेघा उमटल्या होत्या. म्हणजे ट्रेला वाफेचा ताव लागला होता. रेघांच्या मधून सही तशीच होती, जराशी वाकडी.

सिस्टरने मान हलवली. ऑपरेशन थिएटरच्या बाजूची खिडकी उघडली, दोन हातमोज्यांतले हात आले, आणि ट्रे घेऊन गेले.